दुरुस्तीला गेलेला दरवाजा

"अंताजी, आपले पाहुणे भोजनास कां बरे येत नाहीत?" मर्टनसाहेबांनी विचारलं.

साहेबांना मराठी शिकवणारा मुन्शी पोथ्या वाचून वाढलेला असावा. त्यामुळे साहेब हवालदारालाही 'आपण' म्हणायचे आणि घोड्यालाही. एरवी मला त्याची गंमत वाटे. त्या दिवशी वाटली नाही. गढीच्या बुरुजावर आम्ही दोघं उभे होतो. खाली चौकात रश्शाची पातेली निखाऱ्यांवर रटरटत होती, मंडपात पत्रावळी मांडून झाल्या होत्या, आणि समोरच्या उतारावर मोहाच्या झाडांखाली रुमाल्या नाईक आपली सगळी माणसं घेऊन सकाळपासून बसला होता. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता. म्हणजे वास पोचत होता. तरी एक जण उठेना.

"येतील, साहेब," मी म्हणालो. "मोठ्या घरचे पाहुणे उशिराच उठतात."

"सूर्य त्यांच्यासाठी थांबणार आहे काय?"

सूर्य थांबायच्या बेतात दिसत नव्हता.

हे पिंपळधरचं ठाणं. सातपुड्याच्या पायथ्याशी एक जुनी गढी, तिच्यात कंपनी सरकारची पलटण, पलटणीचा कप्तान मर्टनसाहेब आणि त्यांचा कारकून मी, अंताजी भिकाजी चौबळ, मूळचा पनवेलचा. खानदेश कंपनीच्या हाती नुकताच आला होता. वरच्या घाटाची राखण पिढ्यान्‌पिढ्या भिल्लांची. वाटसरूला ते सुखरूप पलीकडे सोडायचे आणि त्याबद्दल आपला हक्क घ्यायचे. नव्या सरकारला हा हक्क समजला नाही, म्हणून सरकारनं तो बंद केला. मग तांडे लुटले जाऊ लागले, तेव्हा सरकारला राखण म्हणजे काय ते समजलं, पण ते कबूल कसं करायचं? त्यापेक्षा शिपाई पाठवणं सोपं. शिपाई वर गेले, वरून बाण आले, आणि दोन्हीकडे बायका रडल्या.

मर्टनसाहेबांचं म्हणणं, घाट त्यांचा त्यांना परत द्यावा, वर सरकारी चाकरी द्यावी. धुळ्याला बसलेल्या कर्नलसाहेबांचं म्हणणं, पाडे जाळावेत. ज्वारी नुकतीच कापून घराघरांत भरलेली. ती जळली की डोंगर आपोआप खाली उतरेल. बराच कागद खर्च होऊन मर्टनसाहेबांना मुदत मिळाली होती ती त्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत. तोवर 'नाईक ठाण्यात आला' असा निरोप घेऊन स्वार निघाला तर ठीक. नाही निघाला, तर सकाळी धुळ्याची पलटण मशाली घेऊन घाट चढणार. स्वाराचा घोडा खोगीर चढवून तयार होता आणि त्यालाही कंटाळा आला होता.

मेजवानीची कल्पना माझी. साहेब नुसते तंबूत बसून बोलायचं म्हणत होते. मी म्हटलं, आमच्याकडे बोलणी करायची तर आधी पान मांडतात. साहेबांना ते इतकं पटलं की त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं. मग मी हात राखला नाही. बकरे, ताज्या भाकरी, मोहाची दारू, आतल्या चौकात मंडप, मंडपाला आंब्याचे डहाळे आणि दरवाजावर ढोलवाले. आमचं कायस्थांचं घर. मटणाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

"मी वर जाऊन विचारतो," मी म्हणालो.

दरवाज्यावर हवालदार बाळोजी खराडे मिशीला पीळ देत उभा होता. साताऱ्याकडचा गडी. नियम सोडून त्याचं कुणावर प्रेम नव्हतं.

"वर निघालात जणू, कारकून?" तो म्हणाला. "मग पागुटं हितंच ठिवून जावा. लांबनं लई ठळक दिसतंय."

"आणि डोकं?"

"डोक्याचं सरकारदफ्तरी काय काम न्हाई."

त्याच्यावर मनात एक उधारी मांडून मी चढायला लागलो.

रुमाल्या नाईक झाडाला टेकून बसला होता. उंच, काटक, कानात चांदीच्या बाळ्या, पाठीवर कमठा, म्हणजे त्यांचं बांबूचं धनुष्य. चेहरा असा की माणूस हसतोय की हसणं राखून ठेवतोय ते कळू नये. डोंगरातली माणसं राजालाही 'तू' म्हणतात, तेव्हा मला म्हटलं यात विशेष नाही.

"ये कारकून, बस. दम खा. तुझे कागद भराभर वर येतात, तुला वेळ लागला."

"कागदाला पोट नसतं, नाईक."

पाचपन्नास माणसं हसली. मला हुरूप आला. नाईकाशेजारी एक म्हातारी बसली होती, गुडघ्यांना हाताचा वेढा घालून. अंगाची मूठभर, नजर मात्र घारीची. तिला तो 'फुई' म्हणत होता. त्यांच्याकडे फुई म्हणजे बापाची बहीण. नाव जामटी. ती हसली नव्हती.

"तू बोलावलंस, आम्ही आलो," नाईक म्हणाला. "इथवर आलो. पुढचं सांग. काय काय केलंस?"

मी सांगायला लागलो. बकरे सांगितले, मसाला सांगितला, दारू कुठल्या गावची तेही सांगितलं.

"बसायचं कुठं?"

"आतल्या चौकात, मंडपात. मानाच्या जागी."

"आणि आमचे कमठे?"

"दरवाज्यावर हवालदार घेईल. जाताना ज्याचा त्याला परत. एक बाण इकडचा तिकडे होणार नाही, माझी हमी."

हसणारे एकेक करून गप्प होत गेले. मला वाटलं, पाहुणचाराच्या थाटानं दिपले. मी आणखी रंगात आलो.

"दिवस मावळला की दरवाजा लागतो, तो सरकारी नियम आहे. पण काळजी नको, आत हवं तेवढा वेळ बसा. शिवाय..."

"शिवाय ढोल," म्हातारी म्हणाली.

"हो! ढोल तर आहेच. तुम्हाला कसं कळलं?"

"ढोल पाहिजेच. आतला आवाज बाहेर जायला नको."

मी वळून खाली दरवाज्यावरच्या ढोलांकडे पाहिलं.

"हा चांगलं सांगतो," ती नाईकाला म्हणाली. "पहिल्यापेक्षा चांगलं. तो कारकून मसाल्याचं बोलला नव्हता."

"कोण पहिला, आजी?" मी विचारलं.

तिनं गढीकडे बोट केलं. "हीच गढी. तेव्हा तुझं सरकार नव्हतं, दुसरं होतं. त्यांचा एक अंमलदार होता. गोड बोलायचा. भांडण मिटवू म्हणाला, जेवायला या म्हणाला. असाच कारकून आला होता वर, असाच घामाघूम. माझा बाप गेला, भाऊ गेले, या रुमाल्याचा बाप गेला. पोरीबाळी होत्या संगती. कमठे दारात ठेवले. आत बकरं, दारू, ढोल."

मोहाचं एक वाळकं पान तिच्या मांडीवर पडलं, ते तिनं उचलून बाजूला ठेवलं.

"मला तहान लागली. आतल्या विहिरीवर गर्दी होती. आई म्हणाली, ओढ्यावर जा, भावांनाही आण. मी घडा भरून आले तर दार लागलेलं. मी हाका मारल्या. आत ढोल वाजत होता." तिनं माझ्याकडे पाहिलं. "पाणी घेऊन उभी होते मी. कोणी दार उघडलं नाही."

खालून माझ्या रश्शाचा वास येत होता आणि मला तो नकोसा झाला होता.

"नाईक," मी म्हणालो, "आमचे साहेब तसे नाहीत. देवाशपथ नाहीत."

"नसेल," रुमाल्या शांतपणे म्हणाला. "मी पाहिलाय त्याला. घोड्याशीसुद्धा नीट बोलतो. पण तो अंमलदारही दिसायला चांगलाच होता म्हणतात. माणसाचं कसं ओळखायचं, कारकून? दार मात्र ओळखीचं आहे. तेच आहे."

"तुमच्या पाड्यांवर उद्या मशाली येतील."

"येतील. पण डोंगराला दार नाही. पळता तरी येतं."

मी उतारावरून खाली कसा आलो ते आठवत नाही. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांचा गोरा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"मी वर जातो," ते म्हणाले. "एकटा. शस्त्राविना."

"जाल, साहेब. ते तुम्हाला बसायला घोंगडी देतील, चार गोष्टी बोलतील आणि सुखरूप परत पाठवतील. त्यांचं वैर तुमच्याशी नाहीच. त्याच्याशी आहे." मी बोट केलं.

दरवाजा रोजच्यासारखा उभा होता. दोन फळ्या, जुनं सागवान, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले लोखंडी खिळे. वर्षभर मी त्याच्यातून ये-जा करत होतो आणि त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"आज तो बंद करणार नाही, असा मी हुकूम देतो," साहेब म्हणाले.

"उघडं दार त्यांनी त्या दिवशीही पाहिलं होतं, साहेब. उघड्या दाराचं एवढंच आहे, ते लावता येतं."

मी खराड्याकडे वळलो. "हवालदार, सूर्यास्ताला दरवाजा लावायचा हा नियम. दरवाजाच नसला तर काय लावायचं, याचा नियम आहे का?"

खराड्यानं विचार केला. प्रामाणिक माणूस, खरोखरच विचार केला. "न्हाई," तो म्हणाला. "पर दरवाजा सरकारी हाय. बिगरहुकुमाचा हालवता येनार न्हाई."

"दुरुस्तीला?"

"दुरुस्तीला येतंय की."

मी तिथंच ओसरीवर बसून कागद लिहिला: 'ठाणे मजकुरीचा मुख्य दरवाजा दुरुस्तीकरिता काढला असे.' साहेबांनी तो दोनदा वाचला.

"अंताजी, दरवाजा तर उत्तम स्थितीत आहे. हे असत्य नव्हे काय?"

"साहेब, इतकी माणसं ज्याच्यामुळे दचकतात तो दरवाजा उत्तम कसा? नादुरुस्तच म्हणायचा."

साहेबांनी सही केली. शाई वाळायच्या आत अंगातला कोट काढला आणि स्वतः पहार उचलली.

डावी फळी लवकर निघाली. शिपायांनी खालून पहारी घातल्या, वरचा खुंट मोकळा केला आणि ती बाहेरच्या भिंतीला नेऊन टेकवली. उजवी हटून बसली. तिचा खुंट दगडाच्या खळग्यात किती वर्षं रुतला होता कुणास ठाऊक. साहेब घामानं निथळले. खराडे मिशी विसरला. मी सूचना देत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला, आणि स्वार उगाचच घोड्याचा तंग पुन्हा आवळायला लागला.

"असं नाही निघायचं ते."

मी वळून पाहिलं. रुमाल्या नाईक चारपाच माणसांसह दरवाज्याच्या बाहेर दहा हातांवर उभा होता. पाठीवर कमठे तसेच. शिपायांचे हात थबकले. खराड्याची नजर आपल्या बंदुकीकडे गेली, साहेबांची खराड्याकडे गेली, आणि खराडे जागच्या जागी राहिला.

"काय करताय?" नाईकानं विचारलं.

"दुरुस्ती," मी म्हणालो.

"हं." तो एक पाऊल पुढे आला. "गढीचं दार लागताना फुईनं पाहिलंय. निघताना कुणी पाहिलं नाही. म्हटलं जवळून बघू. पण तुमचं बघून जीव जायची वेळ आली. अरे, वरून काय ओढता? खाली तेल सोडा. दगड आणा, त्याच्यावर पहार टेकवा. ए मिशीवाल्या, तू तिकडून धर."

"माला मिशीवाला म्हनायचं काम न्हाई," खराडे म्हणाला आणि तिकडून धरलं.

माझ्या मेजवानीतलं तेल आणलं गेलं. एका बाजूला साहेब आणि शिपाई, दुसऱ्या बाजूला नाईक आणि त्याची माणसं. "हाँ!" असा एक हुंकार उठला, दगडातून दात खाल्ल्यासारखा करकर आवाज आला आणि ती अजस्र फळी बाहेरच्या अंगाला कलंडली. सगळे उड्या मारून बाजूला झाले. मी सूचना देत असल्यामुळे मला उशीर झाला. फळी आडवी पडली, धुळीचा लोट उठला आणि माझं पागोटं त्याच्याबरोबर गेलं.

उतारावर सगळा डोंगर खदखदून हसला. खराडे पहिल्यांदाच माझ्याकडे प्रेमानं बघून म्हणाला, "सांगितलं हुतं न्हवं, पागुटं काडून ठिवा म्हनून!"

धूळ बसली. गढीला तोंडाच्या जागी नुसतं भगदाड राहिलं होतं. बाहेरून थेट आतला चौक दिसत होता. मंडप, पत्रावळी, विहीर, रहाट. काहीच झाकलेलं नव्हतं. मला ती गढी एकाएकी एखाद्या बोळक्या म्हाताऱ्यासारखी दिसली.

जामटी फुई काठी टेकत खाली आली. सगळ्यांनी वाट दिली. ती आडव्या फळीवर चढली, मधोमध जाऊन उभी राहिली आणि काठीनं लाकूड ठोकून पाहिलं.

"तहान लागली," ती म्हणाली.

एक शिपाई पाण्याला धावला. "थांब," ती म्हणाली. "मी आणते."

"फुई," रुमाल्या हलक्या आवाजात म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. फळीवरून उतरली आणि त्या भगदाडातून आत गेली. एकटी. तिच्या मागे कुणी गेलं नाही. जाणं बरं दिसलं नसतं. ढोलवाले हात मांडीवर ठेवून बसले होते. उतारावरची माणसं उभी राहिली होती, आणि मला दिसलं की त्यांतल्या कितीकांचे हात कमठ्यावर गेले आहेत. ती मंडपाशी थांबली. पत्रावळींच्या ओळीकडे तिनं पाहिलं, बराच वेळ. कुणाची जागा कुठं होती ते ती बघत असेल. मग विहिरीवर गेली. रहाट कुरकुरला. पोहरा पाण्याला लागल्याचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू आला, इतकं सगळं गप्प होतं.

काठावरचा घडा भरून तिनं डोक्यावर घेतला. काठी तिथंच राहिली. ती चालत आली, न थांबता, जिथं उंबरठा होता तिथून पाऊल उचलून बाहेर पडली, आणि घडा रुमाल्यासमोर धरला.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या बापासाठी भरला होता. पोचायला उशीर झाला."

नाईकानं ओंजळ धरली. तो प्याला की रडला ते मी पाहिलं नाही. मी माझं पागोटं शोधत होतो. साहेबही ते शोधायला मदत करत होते, आणि ते तर समोरच पडलं होतं.

ओंजळ झटकून रुमाल्या म्हणाला, "साहेब, घाट आमचा."

"आपला," साहेब म्हणाले. "मी लिहून देतो."

"कमठे आमच्यापाशी."

"आपल्यापाशी."

"चाकरीचं मग बघू. आधी जेवू. हा कारकून सकाळपासून वास पाठवतोय."

आणि तो आत गेला. पाठोपाठ एकेक, दोनदोन करत सगळा उतार आत गेला. सूर्याची शेवटची कड अजून डोंगरावर होती. साहेबांनी मला काही सांगायची गरज पडली नाही. मी हात केला आणि स्वार निघाला. घोडा त्या भगदाडातून असा सुटला की जणू त्यालाच जेवायला बोलावलं होतं.

पाडे जळले नाहीत. त्याच हंगामात रुमाल्याची माणसं चाकरीला लागली. कवायतीत सगळे खराड्याला 'मिशीवाला' म्हणत आणि खराडे त्यांना काय म्हणे ते लिहिण्याजोगं नाही. घाट चालू झाला. सगळं गोडच झालं असं नाही. पुढे एका साहेबानं कमठे काढून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा पुन्हा कागद, पुन्हा बोलणी. पण बोलणी झाली. आणि झाली ती गढीतच, दार नसलेल्या चौकात.

धुळ्याहून दर वर्षी विचारणा यायची: 'दरवाजाची दुरुस्ती कोठवर आली?' मी दर वर्षी उत्तर लिहायचो: 'काम चालू आहे.' माझ्या जागी आलेल्या कारकुनाला मी ठाण्याच्या किल्ल्या दिल्या तेव्हा हे एक वाक्य तोंडपाठ करून घेतलं.

गेल्या माघात रुमाल्याच्या नातीचं लग्न होतं. मला आवतण आलं. आता मला चढ सोसत नाही, म्हणून ओढ्यापर्यंत गाडीनं गेलो आणि तिथं थांबलो. जामटी फुई जाऊन खूप वर्षं झाली. आपल्या झोपडीत, आपल्या खाटेवर गेली. रुमाल्या मला घ्यायला खाली आला होता. पाठीत वाकलेला, पण हसणं अजून राखून ठेवलेलं.

ओढ्यावर त्या दोन्ही फळ्या आडव्या टाकलेल्या आहेत. खिळे झिजून गुळगुळीत झालेत. बाजाराचा दिवस होता. पाड्यांवरच्या बायका मोळ्या घेऊन, टोपल्या घेऊन, पोरं कडेवर घेऊन त्यांच्यावरून ये-जा करत होत्या. आम्ही दोघं काठावर बसून बघत राहिलो.

"कारकून," रुमाल्या म्हणाला, "दुरुस्ती झाली का?"

"काम चालू आहे."

एक पोरगी भरलेला घडा डोक्यावर घेऊन फळीवर आली, आम्हाला म्हाताऱ्यांना बघून हसली आणि तोल न जाऊ देता पलीकडे गेली.

"चालू दे," तो म्हणाला.